पहिल्या श्वासामागची नऊ महिन्यांची तयारी
गर्भातील फुप्फुसांची घडण, तिला दिशा देणारे रेणू आणि नवजात बाळांचे श्वसनविकार

वरोरा - सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ जगते, आठव्यातले मात्र दगावते, असा एक समज महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. विदर्भही त्याला अपवाद नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा समज चुकीचा आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक अधिकचा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे फुप्फुसे. हृदय गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास धडधडू लागते. मूत्रपिंडे जन्माच्या कितीतरी आधी काम सुरू करतात. फुप्फुसांना मात्र नऊ महिने केवळ तयारी करायची असते आणि जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात परीक्षा द्यायची असते. त्या परीक्षेला पुरवणी नसते.

ही तयारी आपोआप होत नाही. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, त्या निरोपांनुसार जनुके चालू वा बंद होतात आणि पोकळ नळीच्या एका कोंबातून कोट्यवधी वायुकोशांचा वृक्ष उभा राहतो. यालाच शास्त्रीय भाषेत रेणवीय संदेशवहन म्हणतात. प्रयोगशाळेतील या संशोधनाचा वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयाशी किंवा भामरागडच्या जंगलातील पाड्याशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. संबंध फार जवळचा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे प्राण वाचवणारे एक स्वस्त इंजेक्शन याच संदेशांपैकी एका संदेशाची नक्कल करते. ते कधी उपयोगी पडते आणि कधी घातक ठरते, हे समजून घेण्यासाठी फुप्फुस कसे घडते ते पाहावे लागते.

एका कोंबापासून सुरुवात

गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस भ्रूणाच्या अन्ननलिकेच्या पुढच्या भिंतीवर एक लहानसा फुगवटा दिसू लागतो. फुप्फुसाचा हा पहिला कोंब होय. तो कोठे फुटावा, हे त्याआधीच ठरलेले असते. भोवतीच्या मध्यस्तरातील पेशी ‘विंट’ गटातील प्रथिने स्रवतात. त्यांच्या प्रभावाने नळीच्या नेमक्या त्याच भागातील पेशींमध्ये ‘एनकेएक्स २.१’ नावाचे जनुक जागे होते. हे जनुक जागे झालेल्या पेशी पुढे श्वसनसंस्थेच्या होतात, तर न झालेल्या पेशी अन्नमार्गाच्या राहतात. १९९६ साली हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास झाला. त्या पिलांमध्ये फुप्फुसांची खरी ऊती तयारच झाली नव्हती. माणसांमध्ये या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असल्यास मेंदू, थायरॉइड ग्रंथी आणि फुप्फुसे या तिन्हींना कमी-अधिक बाधा पोहोचते.

कोंब फुटल्यावर त्याला फांद्या फुटाव्या लागतात. येथे ‘एफजीएफ-१०’ हे प्रथिन मुख्य भूमिका बजावते. कोंबाच्या टोकापुढील मध्यस्तरातील पेशी ते स्रवतात आणि कोंबाच्या टोकावरील पेशी त्याच्या दिशेने वाढत जातात. झाडाची मुळे ओलाव्याच्या दिशेने जावीत, तसाच हा प्रकार आहे. एफजीएफ-१० नसलेल्या उंदरांवरील अभ्यास १९९८ आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पिलांना श्वासनलिका होती, परंतु तिच्या पुढे फुप्फुस नव्हते. ती जन्मताच मृत्यू पावली.

केवळ ‘वाढ’ असा आदेश मिळत राहिला, तर मात्र फांद्यांऐवजी एक बेढब गोळा तयार होईल. म्हणून कोंबाच्या टोकावरील पेशी उलट निरोप पाठवतात. ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनाद्वारे त्या मध्यस्तराला सांगतात, की टोकाजवळ एफजीएफ-१०चे उत्पादन आवरते घ्या. परिणामी ते प्रथिन टोकाच्या दोन्ही बाजूंना अधिक तयार होते आणि एका फांदीच्या दोन होतात. ‘बीएमपी-४’ आणि ‘स्प्राउटी’ ही प्रथिनेही वाढीला लगाम घालतात. हीच देवाणघेवाण पुन्हा पुन्हा होत राहते. वायुमार्गाच्या दुभागणीच्या सुमारे २३ पिढ्या मोजल्या जातात. त्यांपैकी बारीक श्वासनलिकांपर्यंतचा वृक्ष सतराव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतो.

‘हेजहॉग’ हे नाव फळांवरील माशीच्या अभ्यासातून आले. क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये या माशीच्या अळ्यांमधील जनुकीय दोषांची यादी प्रसिद्ध केली. एका दोषामुळे अळी काटेरी दिसत असे, म्हणून त्या जनुकाला काटेरी प्राण्याचे नाव मिळाले. दोघांना १९९५ चे नोबेल पारितोषिक लाभले. माशीच्या श्वसननलिकांना फांद्या फोडणारे प्रथिनही मानवी एफजीएफच्याच कुळातील आहे. एवढी जुनी ही यंत्रणा आहे.

हवा येण्याआधीची हवाघरे

सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान श्वासनलिकांच्या टोकांभोवती केशवाहिन्यांचे जाळे पसरते. त्यासाठी फुप्फुसाच्या पेशी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन स्रवतात आणि रक्तवाहिन्यांना जवळ बोलावतात. हवा आणि रक्त यांच्यामधील भिंत पातळ होत जाते. चोविसाव्या आठवड्यापूर्वी जन्मलेले बाळ वाचवणे अतिशय अवघड असते ते यामुळेच. तोवर प्राणवायू रक्तात शिरण्यासाठी पुरेशी जागाच तयार झालेली नसते.

चोविसाव्या आठवड्यानंतर टोकांना पिशवीसारखे फुगवटे येतात. खरे वायुकोश साधारण छत्तिसाव्या आठवड्यापासून आकार घेऊ लागतात आणि जन्मानंतरही अनेक वर्षे त्यांची भर पडत राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात काही कोटी वायुकोश असतात. प्रौढ माणसात ही संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात जाते. ते सारे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापली जाईल.

याच काळात वायुकोशांच्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या होतात. पहिल्या प्रकारच्या पेशी अतिशय पातळ असून त्यांच्यातून वायूंची अदलाबदल होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ‘सर्फॅक्टंट’ नावाचा स्निग्ध द्रव तयार करतात. त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा आणि उरलेला प्रथिनांचा असतो.

साबणासारखा द्रव आणि एका बाळाचा मृत्यू

सर्फॅक्टंटची गरज समजण्यासाठी ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचे उदाहरण पुरेसे आहे. आतून ओली पिशवी रिकामी केली, की तिच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि ती पुन्हा उघडण्यास जोर लागतो. वायुकोशही आतून ओला असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे तो प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटू पाहतो. सर्फॅक्टंट हा ताण कमी करतो आणि वायुकोश थोडा उघडा राहतो. दुसरा श्वास पहिल्याहून सोपा होतो तो यामुळे. सर्फॅक्टंट नसेल, तर बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्या कष्टाने घ्यावा लागतो. काही तासांत ते थकते.

अपुऱ्या दिवसांची बाळे धाप लागून का मरतात, याचे हे उत्तर १९५९ मध्ये डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दिले. अशा बाळांच्या फुप्फुसातील द्रवाचा पृष्ठताण निरोगी बाळांपेक्षा फार अधिक असल्याचे त्यांनी दाखवले. तरीही उपचार हाती यायला वेळ लागला. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन सुमारे २.१ किलो होते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या अध्यक्षांचे हे बाळ अवघ्या ३९ तासांत याच विकाराने दगावले. आज या वजनाचे आणि इतक्या दिवसांचे बाळ चांगल्या नवजात कक्षात बहुधा वाचते.

मधल्या काळात तीन उपाय हाती आले. १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वसनमार्गात सतत हलका दाब ठेवण्याची पद्धत मांडली. वीसपैकी सोळा बाळे वाचली. ‘सीपॅप’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज जिल्हा पातळीवरील नवजात कक्षांतही वापरता येते. १९८० मध्ये जपानमधील डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेला सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि त्यांची प्रकृती सुधारली. तिसरा उपाय या दोहोंच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे बाळ आईच्या पोटात असतानाच काम करतो.

कोकराने दाखवलेली वाट

न्यूझीलंडमधील डॉ. ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीचा अभ्यास करीत होते. गर्भातील कोकरांना त्यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले. ही कोकरे फार लवकर जन्मली, त्यामुळे त्यांची फुप्फुसे उघडणे अपेक्षित नव्हते. प्रत्यक्षात त्यांच्या फुप्फुसांत काही प्रमाणात हवा शिरली. १९६९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये डॉ. रॉस हॉवी यांच्यासमवेत त्यांनी २८२ मातांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. स्टेरॉइड न मिळालेल्या गटातील २५.८ टक्के बाळांना श्वसनविकार झाला, तर ते मिळालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते.

यामागे निसर्गाचाच एक संदेश आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत गर्भाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉलचे प्रमाण वाढवतात. हे संप्रेरक फुप्फुसाच्या पेशींत शिरून ठराविक ग्राहक-प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन जनुकांवर जाऊन बसते. वायुकोशांमधील भिंती पातळ होतात, सर्फॅक्टंट वाढतो आणि द्रव शोषून घेणारी यंत्रणा सज्ज होते. १९९५ मध्ये हे ग्राहक-प्रथिन नसलेली उंदरे तयार करण्यात आली. त्यांपैकी बहुतेक पिले जन्मानंतर काही तासांत श्वास न घेता आल्याने दगावली. आईला दिलेले इंजेक्शन म्हणजे याच निरोपाची आगाऊ पाठवलेली प्रत होय. ‘बाळ लवकर येत आहे, तयारी उरका,’ एवढाच त्याचा अर्थ.

मातेला मधुमेह असल्यास याच्या उलट घडू शकते. आईच्या रक्तातील साखर वाढलेली असेल, तर गर्भाच्या शरीरात इन्सुलिन वाढते आणि ते सर्फॅक्टंटच्या निर्मितीत अडथळा आणते. त्यामुळे वजनाने गुटगुटीत दिसणाऱ्या बाळालाही जन्मानंतर धाप लागू शकते.

नागपूर परिसरातही झालेली चाचणी

इंजेक्शन स्वस्त आहे, साठवायला सोपे आहे. मग ते प्रत्येक गावात का देऊ नये, असा विचार साहजिकच पुढे आला. भारत सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. चोवीस ते चौतीस आठवड्यांदरम्यान अकाली कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोनचे सहा मिलिग्रॅमचे चार डोस बारा तासांच्या अंतराने द्यावेत, आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस प्रशिक्षित परिचारिकेनेही द्यावा, अशी ती सूचना होती.

याच काळात सहा देशांतील ग्रामीण व निमशहरी भागांत एक मोठी चाचणी झाली. भारतातील बेळगाव व नागपूर ही दोन केंद्रे तिच्यात होती. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब मांडून २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष धक्कादायक होता. अतिशय लहान बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. उलट सर्व बाळांचा एकत्रित विचार करता इंजेक्शनचा प्रसार केलेल्या भागांत दर हजार जन्मांमागे २७.४ बाळे महिन्याभरात दगावली. इतर भागांत हा आकडा २३.९ होता. मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही अधिक आढळली.

जे औषध रुग्णालयात जीवदान देते, ते गावात निष्प्रभ का ठरावे? तज्ज्ञांनी दोन कारणांकडे बोट दाखवले. एक म्हणजे गर्भाचे वय नेमके माहीत नसणे. इंजेक्शन मिळालेल्या अनेक मातांची प्रसूती प्रत्यक्षात अकाली झालीच नाही. त्यांच्या बाळांना गरज नसताना हा संदेश मिळाला. दुसरे म्हणजे जन्मानंतर लागणारी ऊब, प्राणवायू व सीपॅप यांची सोय नसणे.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवण्यात आले आणि नवजात बाळांची काळजी घेण्याची सोय असलेली रुग्णालये निवडण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळे दगावली. औषध तेच होते, फक्त वेळ आणि जागा बरोबर होती. २०२२ मध्ये संघटनेने केलेल्या शिफारशींतही गर्भाचे वय खात्रीने माहीत असणे आणि बाळाच्या काळजीची पुरेशी सोय असणे या अटी आहेत.

थोडक्यात, संदेश योग्य वेळी पोहोचला तरच त्याचा उपयोग. म्हणून गरोदर स्त्रीची पहिल्या बारा आठवड्यांत नोंद, शेवटच्या पाळीची नेमकी तारीख आणि लवकर केलेली सोनोग्राफी या साध्या वाटणाऱ्या बाबी फुप्फुसांच्या उपचाराचाच भाग ठरतात.

पहिले मिनीट

गर्भाची फुप्फुसे हवेने नव्हे, तर त्यांनी स्वतः तयार केलेल्या द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळत असल्याने फुप्फुसांकडे फार थोडे रक्त वळवलेले असते. जन्माच्या वेळी ही सारी व्यवस्था काही मिनिटांत उलटते. कळांच्या ताणामुळे बाळाच्या शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि वायुकोशांतील पेशी सोडियमच्या मार्गिका उघडतात. सोडियमपाठोपाठ पाणीही फुप्फुसातून रक्ताकडे ओढले जाते. पहिल्या श्वासाबरोबर प्राणवायू आत येतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, वाहिन्या सैल होतात आणि रक्ताचा ओघ फुप्फुसांकडे वळतो.

कळा न येताच केलेल्या सिझेरियनमध्ये ॲड्रेनॅलिनची ही लाट कमी पडते. द्रव वेळेवर शोषला जात नाही आणि बाळाला जन्मानंतर एक-दोन दिवस धाप लागते. शहरांत मुहूर्त पाहून अथवा सोयीची तारीख ठरवून शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात घ्यायला हवे. आधी सिझेरियन झालेल्या मातांच्या नियोजित शस्त्रक्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७व्या आठवड्यात जन्मलेल्या १५.३ टक्के बाळांना श्वसनासह काही ना काही गंभीर त्रास झाला. ३८व्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्के, तर ३९व्या आठवड्यात ८ टक्के होते. ग्रहमान कितीही अनुकूल असले, तरी फुप्फुसांचे पंचांग वेगळे असते.

धाप एक, कारणे अनेक

नवजात बाळाच्या धापेला विदर्भाच्या खेड्यांत सरसकट ‘डब्बा’ म्हणण्याची पद्धत आहे. वैद्यकशास्त्र मात्र त्यातील प्रकार वेगळे करते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मल्यापासून काही तासांत धाप लागली आणि तो कण्हू लागला, तर सर्फॅक्टंटची कमतरता असण्याची शक्यता मोठी असते. पूर्ण दिवसांच्या बाळाची एक-दोन दिवसांत ओसरणारी धाप बहुधा न शोषलेल्या द्रवामुळे असते. बाळाने गर्भातच शी केली आणि ती श्वासमार्गात गेली, तर फुप्फुसांना सूज येते. जन्मतः न रडलेले, निपचित पडलेले बाळ श्वासावरोधाचे असते. तेथे दोष बहुतेक वेळा फुप्फुसांचा नसून प्रसूतीदरम्यान प्राणवायू कमी पडल्याचा असतो. काही दिवसांनी सुरू झालेली धाप न्यूमोनिया वा रक्तातील जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

संदेशवहनातील जन्मजात दोष हा यांतील सर्वांत दुर्मीळ प्रकार आहे. सर्फॅक्टंटमधील ‘बी’ प्रथिन नसलेल्या बाळांची नोंद १९९३ मध्ये झाली, तर तो द्रव पेशीत साठवण्यासाठी लागणाऱ्या ‘एबीसीए-३’ जनुकातील दोष २००४ मध्ये उघड झाला. २००९ मध्ये ‘फॉक्स-एफ १’ या जनुकातील दोषाचा छडा लागला. त्यात वायुकोशांभोवती केशवाहिन्या नीट जुळतच नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाची धाप उपचारांना दाद देत नसेल, आधीचे भावंड तशाच प्रकारे दगावले असेल किंवा आईवडील नात्यातील असतील, तर डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात.

गडचिरोलीने दिलेला धडा

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. बालकांमधील न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार करता येतात, हे त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवून दिले. पुढे नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत राबवण्यात आला. गावातीलच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार झाल्या. त्या बाळाचे वजन करीत, श्वास मोजत, ते उबेत ठेवत आणि गरज पडल्यास प्रतिजैविक देत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२.२ टक्के होती.

न रडलेल्या बाळांसाठी आरोग्यदूतांनी आधी तोंडाने फुंकर, नंतर नळी व मुखवटा आणि शेवटी हाताने दाबण्याची पिशवी व मुखवटा वापरला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, तीव्र श्वासावरोध झालेल्या बाळांमधील मृत्यूंचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे आकडे अधिक बोलके आहेत. पूर्वी त्यांतील ३३.३ टक्के दगावत. घरोघरी काळजी सुरू झाल्यावर हे प्रमाण १०.२ टक्क्यांवर आले.

हे सारे कृत्रिम श्वसनयंत्र अथवा सर्फॅक्टंट हाती नसताना घडले. याचा अर्थ या उपायांची गरज नाही असा नव्हे. बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला रुग्णालयच हवे. मात्र अपुऱ्या दिवसांची बहुतेक बाळे त्याहून थोडी मोठी असतात. ती फुप्फुसांच्या अपरिपक्वतेइतकीच थंडी, उपासमार आणि जंतुसंसर्ग यांनी दगावत होती, आणि हे मृत्यू गावातच टाळता येतात, हे गडचिरोलीने सिद्ध केले. २०११ पासून देशभरात ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राबवल्या जाणाऱ्या नवजात बाळांच्या घरभेटींच्या कार्यक्रमाचे मूळ येथे आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला त्या ४२व्या दिवसापर्यंत सहा, तर घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी देतात.

बाळे लवकर का जन्मतात?

या दोन जिल्ह्यांत अकाली प्रसूतीला हातभार लावणारी कारणे ठळक आहेत. जंगलपट्ट्यातील फाल्सिपॅरम मलेरियाचे परजीवी वारेत साठून गर्भाचे पोषण तोडतात. सिकलसेल असलेल्या मातांमध्ये अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. रक्तक्षय, कमी वयातील गर्भारपण, मूत्रमार्गाचा संसर्ग, तंबाखू व खर्रा आणि चुलीचा धूर यांची त्यात भर पडते. यांतील प्रत्येक कारणावर प्रसूतीपूर्वी काम करता येते.

दुसरा अडसर अंतराचा. वरोरा नागपूर-चंद्रपूर मार्गावर असल्याने तेथून चंद्रपूर सुमारे ५०, तर नागपूर सुमारे १०० किलोमीटरवर आहे. भामरागडहून गडचिरोली गाठण्यासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. पर्लकोटा नदीच्या पुराने तेथील संपर्क तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. अशा भागांसाठी शासनाने ‘माहेरघर’ योजना आणली. प्रसूतीच्या काही दिवस आधी गरोदर स्त्रीने आरोग्य केंद्राजवळ मुक्कामाला यावे, अशी तिची कल्पना आहे. बाळाला जन्मानंतर रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच योग्य ठिकाणी पोहोचणे केव्हाही श्रेयस्कर. गर्भाशयाइतके चांगले वाहन दुसरे नाही.

वाचल्यानंतरची काळजी

अतिशय लवकर जन्मलेली बाळे आता वाचू लागली आहेत. त्यांच्यापुढे दीर्घकालीन फुप्फुसविकाराचा प्रश्न उभा राहतो. यंत्राचा दाब, जादा प्राणवायू आणि संसर्ग यांमुळे वायुकोश घडवणारे संदेश मध्येच विस्कळीत होतात. ‘टीजीएफ-बीटा’चे प्रमाण बिघडते, ‘व्हीईजीएफ’ घटते. परिणामी वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहतात. म्हणूनच प्राणवायू हवा तेवढाच देणे आणि यंत्राऐवजी शक्य तेथे सीपॅप वापरणे, याकडे आता कल आहे. अ जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारे रेटिनॉइक आम्लही वायुकोशांच्या वाढीचा एक संदेश आहे. अति लहान बाळांना या जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिल्यास हा विकार थोडा कमी होतो, असे १९९९ मध्ये अमेरिकेतील चाचणीत आढळले.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ मध्ये दिसून आले.

ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा

- बाळ शांत असताना मिनिटाला ६० वा अधिक श्वास. मोजणी पूर्ण एक मिनिट करावी आणि जास्त आल्यास पुन्हा मोजून खात्री करावी.
- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे.
- श्वास सोडताना कण्हण्याचा आवाज.
- ओठ, जीभ निळसर होणे.
- वीस सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबणे.
- दूध न ओढणे, अंग थंड वा तापलेले असणे, बाळ मलूल पडणे.

नेताना बाळाला आईच्या छातीशी धरून उबेत ठेवावे. डब्ब्यावर पोटाला चटके देणे, बिब्बा घालणे असे उपाय करू नयेत. त्यांत वेळ जातो, जखम होते आणि जंतूंना वाट मिळते.

आईच्या पोटात नऊ महिने चाललेली पेशींची ही बोलणी कोणाला ऐकू येत नाहीत. ती कोणत्या टप्प्यावर आली आहेत, हे मात्र दिवस मोजून कळते. गरोदरपणाच्या कार्डावर पाळीची तारीख नीट लिहिणारी आरोग्यसेविका आणि बाळाचे श्वास मोजणारी आशा या दोघीही फुप्फुसांच्या त्याच विज्ञानाची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची कडी आहेत.